विमानातील वैद्यकीय आणीबाणी : निरोप कुठे बिघडतो?

समजा, मुंबईहून लंडनला निघालेल्या विमानात तुमच्या शेजारी सत्तरीच्या एक आजी बसल्या आहेत. मुलाकडे निघाल्या आहेत, एकट्याच. विमान अरबी समुद्रावर असताना त्या पदराने घाम टिपत तुम्हाला म्हणतात, "जीव कसा घाबराघुबरा होतोय." तुम्ही बेल दाबता. आलेल्या हवाई सेविकेला मराठी येत नाही, म्हणून तुम्ही हिंदीत सांगता, "इनको घबराहट हो रही है." ती आपल्या प्रमुखाला इंग्रजीत सांगते की एक वयस्क बाई 'नर्व्हस' आहेत. प्रमुख इंटरफोनवरून कॅप्टनला कळवते की एक प्रवासी घाबरल्या आहेत, पाणी दिले आहे, लक्ष ठेवून आहोत.

प्रसंग कल्पित आहे, पण त्यात कोणीही खोटे बोललेले नाही आणि कोणी हयगयही केलेली नाही. तरीही तीन तोंडांतून गेल्यावर निरोपातला घाम गळून पडला, वय मागे पडले आणि हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता असलेली एक स्त्री विमानप्रवासाला भ्यालेली प्रवासी होऊन बसली. मराठीत 'जीव घाबरा होणे' ही भीती नव्हे, ती शरीराची तक्रार आहे. छातीत धडधड, श्वास अपुरा पडणे, आता भोवळ येईल असे वाटणे, हे सगळे त्या दोन शब्दांत येते. हिंदीतल्या 'घबराहट'मध्येही ते बऱ्याच अंशी टिकते. इंग्रजीत उतरताना मात्र फक्त भीती उरते.

या पाठात आपण औषधोपचार शिकणार नाही. विमानातील आजारी माणसाची खबर कोणाकडून कोणाकडे जाते, वाटेत ती कुठे बदलते आणि ती बदलू नये म्हणून तुम्ही काय करू शकता, एवढेच पाहू. तुम्ही परिचारिका, डॉक्टर, केबिन क्रू होणार असाल तर हे कामाचे आहेच. पण वरच्या प्रसंगात पहिला अनुवाद एका साध्या सहप्रवाशाने केला होता, हेही लक्षात असू द्या.

किती वेळा घडते?

या विषयावरचा सर्वाधिक उद्धृत होणारा अभ्यास 2013 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. जानेवारी 2008 ते ऑक्टोबर 2010 या काळात पाच विमान कंपन्यांकडून जमिनीवरील एका वैद्यकीय सल्ला केंद्राला आलेल्या 11,920 कॉलची त्यात छाननी केली आहे. सरासरी दर 604 उड्डाणांमागे एक कॉल आला होता. सर्वाधिक, म्हणजे 37.4 टक्के, कॉल भोवळ येण्याचे किंवा भोवळ आल्यासारखे वाटण्याचे होते. त्याखालोखाल श्वसनाच्या तक्रारी 12.1 टक्के आणि मळमळ-उलटी 9.5 टक्के. विमान वळवावे लागले ते 7.3 टक्के प्रसंगांत. पुढे काय झाले याची माहिती मिळालेल्या रुग्णांपैकी मृत्यू 0.3 टक्के.

हे आकडे दिलासा देणारे आहेत, आणि अडचणही तिथेच आहे. शंभरातल्या बहुतेकांना खरोखरच पाणी, थोडा ऑक्सिजन आणि पाय उंच करून झोपवणे एवढे पुरते. त्यामुळे 'हेही तसलेच असेल' असे वाटण्याची सवय लागते. ज्या थोड्यांच्या बाबतीत ते तसले नसते, त्यांना ओळखायचे साधन म्हणजे नीट पोहोचलेला निरोप. विमानात एक्स-रे नाही, प्रयोगशाळा नाही, आणि निर्णय घेणारा कॅप्टन रुग्णाला पाहतसुद्धा नाही.

साखळी

रुग्ण, सहप्रवासी किंवा नातेवाईक, केबिन क्रू, क्रू प्रमुख, कॅप्टन, विमान कंपनीचे नियंत्रण केंद्र, जमिनीवरचा डॉक्टर. हा जाण्याचा मार्ग झाला. सल्ला याच मार्गाने उलटा येतो. अमेरिकेतील फिनिक्स येथून चालणारे 'मेडलिंक' किंवा पिट्सबर्ग विद्यापीठाशी जोडलेले केंद्र अशी काही केंद्रे चोवीस तास हेच काम करतात. विमानात डॉक्टर प्रवासी निघाला तर साखळीत आणखी एक कडी वाढते.

सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यांनंतर कॉकपिटचे दार मजबूत केले गेले आणि उड्डाणात ते कुलूपबंद राहू लागले. सुरक्षेसाठी हे आवश्यकच होते. परिणाम असा की डॉक्टर प्रवासी आता कॅप्टनशेजारी उभा राहून रेडिओवर बोलू शकत नाही. तो सेविकेला सांगतो, सेविका इंटरफोनवर सांगते, कॅप्टन पुढे सांगतो. काही विमानांत केबिनमधूनच जमिनीशी बोलायची सोय असते. तिथे दोन कड्या कमी होतात, आणि माझ्या मते कुठल्याही नव्या महागड्या उपकरणापेक्षा ही सोय अधिक मोलाची आहे.

पहिली कडी : माणूस काय सांगतो, आपण काय ऐकतो

निरोपाचे सर्वात मोठे नुकसान रेडिओवर होत नाही, आसनापाशीच होते. 1998 च्या जानेवारीत ऑलिम्पिक एअरवेजच्या अथेन्स-न्यूयॉर्क विमानात जे घडले ते अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात नोंदलेले आहे. तेव्हा त्या विमानात मागच्या भागात धूम्रपानाला परवानगी होती. दम्याचा विकार असलेला एक प्रवासी, तो स्वतः डॉक्टर होता, त्या भागापासून तीनच रांगा पुढे बसला होता. त्याच्या पत्नीने सेविकेला एकूण तीन वेळा जागा बदलून मागितली. पहिल्यांदा तिला बसायला सांगितले गेले. दुसऱ्यांदा तिने नवऱ्याला धुराची ॲलर्जी असल्याचे सांगितले, तेव्हा विमान पूर्ण भरले आहे असे उत्तर आले. तिसऱ्यांदा, धूर येऊ लागल्यावर, तेच उत्तर आले आणि वर असेही सांगण्यात आले की कोणी जागा बदलून देते का ते तुम्हीच विचारा. प्रत्यक्षात विमानात 11 आसने रिकामी होती. काही तासांत तो प्रवासी मरण पावला. 2004 मध्ये न्यायालयाने मदत नाकारण्याची ही कृती वॉर्सा कराराच्या अर्थाने 'अपघात' ठरू शकते असे मानले आणि कंपनीची जबाबदारी कायम राहिली.

इथे भाषेची अडचण मुळीच नव्हती. पत्नी स्पष्ट बोलत होती. पण ऐकणाऱ्याच्या डोक्यात ती विनंती 'जागेची कुरकुर' या खणात पडली, आणि एकदा खण ठरला की पुढचे प्रत्येक वाक्य त्याच खणात पडत जाते. म्हणून क्रूला एक साधी सवय लावतात : एखादी विनंती दुसऱ्यांदा आली आणि तिच्यात आजार, औषध किंवा श्वास यांतला एखादा शब्द असला, तर ती विनंती राहत नाही, लक्षण होते. ते प्रमुखाला कळवायचे.

कधी खण रुग्ण स्वतःच ठरवतो. 1995 च्या मे महिन्यात हाँगकाँगहून लंडनला निघालेल्या विमानातले उदाहरण प्रसिद्ध आहे. विमानतळावर येताना मोटरसायकलवरून पडलेल्या एका प्रवासी स्त्रीने तक्रार केली ती हाताची. विमानातले अस्थिशल्यचिकित्सक प्राध्यापक अँगस वॉलेस यांनी हाताला आधार बांधून दिला. उड्डाणानंतर ती वाकली आणि छातीत तीव्र दुखू लागले, श्वास घेता येईना. बरगड्या मोडून फुप्फुसाभोवती हवा साठली होती. वॉलेस यांनी कोट अडकवायच्या हँगरची तार, मूत्रमार्गात घालायची नळी आणि पाण्याची बाटली वापरून ती हवा बाहेर काढली. निर्जंतुक करायला ब्रँडी होती. ही गोष्ट सांगताना सगळे हँगरपाशी थांबतात. आपण हातापाशी थांबू. 'कुठे दुखते' या प्रश्नाला तिने खरे उत्तर दिले होते. 'कसे पडलात, आणखी कुठे लागले' हा दुसरा प्रश्न असतो, आणि विमान जमिनीवर असताना त्याची किंमत शून्य असते.

आता आपल्या भाषेकडे या. मराठी माणूस आजार सांगताना जे शब्द वापरतो त्यातले काही अनुवादात हमखास घसरतात. 'दम लागतोय' म्हणजे श्वास अपुरा पडतोय, 'दमा आहे' म्हणजे जुना विकार. हिंदी भाषक कानाला दोन्ही सारखेच वाटतात. 'चक्कर' म्हणजे भोवती सगळे फिरणे की डोळ्यांपुढे अंधारी येणे, हे विचारल्याशिवाय कळत नाही आणि दोन्हींची कारणे निराळी. 'गॅस झालाय' असे म्हणणारा माणूस छातीच्या मध्यावर मूठ धरून बसला असेल तर त्याच्या निदानावर नव्हे, मुठीवर विश्वास ठेवा. 'बीपी आहे', 'शुगर आहे' याचा अर्थ आपल्याकडे तो विकार आहे असा होतो. शब्दशः इंग्रजी केले तर वाक्याला अर्थच उरत नाही. शिवाय आपल्याकडची वडीलधारी माणसे "काही नाही हो, होईल बरं, तुम्ही कशाला त्रास घेता" असे म्हणतात. ते नम्रतेचे वाक्य आहे, प्रकृतीचा अहवाल नव्हे.

दुभाषाचे काम अंगावर आले तर आधी रुग्णाचे शब्द जसेच्या तसे सांगा, मग अर्थ सांगा, आणि तुमचा अंदाज वेगळा ठेवा. "त्या म्हणतात जीव घाबरा होतोय. म्हणजे छातीत अस्वस्थ वाटतेय आणि श्वास पुरत नाही. मला दिसते की दरदरून घाम आला आहे." एवढे बोलायला दहा सेकंद लागतात. आजींना विचारायचे तेही बोट ठेवता येईल असे विचारा : "आजी, नक्की कुठं होतंय? हात ठेवून दाखवा. कधीपासून? जेवण आलं त्याच्या आधी की नंतर?" विमानात घड्याळापेक्षा जेवणाची वेळ जास्त खात्रीची असते.

घड्याळाचाही घोळ आहेच. आजींचे घड्याळ भारतीय वेळेचे, विमानातली नोंद बहुधा जागतिक प्रमाण वेळेची, म्हणजे साडेपाच तास मागे. 'रात्रीचे इन्सुलिन घेतले' यात रात्र कुणाची? म्हणून 'किती वाजता' पेक्षा 'किती तासांपूर्वी' विचारलेले बरे.

डॉक्टर आहे का?

वर उल्लेख केलेल्या अभ्यासात 48.1 टक्के प्रसंगांत डॉक्टर प्रवाशांनी मदत केली, 20.1 टक्के प्रसंगांत परिचारिकांनी. म्हणजे उद्घोषणेला उत्तर बऱ्याचदा मिळते. पण हात वर करणारा त्वचारोगतज्ज्ञ आहे की भूलतज्ज्ञ, हे सांगितले गेले पाहिजे. त्यात कमीपणा नाही. जमिनीवरचा डॉक्टर त्यानुसार आपला सल्ला बेततो.

अविश्वास हाही संवादाचाच प्रश्न आहे. 2016 मध्ये अमेरिकेतल्या एका विमानात मदतीला पुढे आलेल्या कृष्णवर्णीय महिला डॉक्टरला ती खरोखर डॉक्टर आहे यावर क्रूचा विश्वास बसत नसल्याचा अनुभव आला. तिने तो जाहीरपणे लिहिल्यावर त्या कंपनीने डॉक्टरांची ओळखपत्रे तपासण्याची पद्धत बंद केली. उलट बाजूला, खटल्याच्या भीतीने गप्प बसणारे डॉक्टरही असतात. अमेरिकेने 1998 मध्ये कायदा करून विमानात सद्भावनेने मदत करणाऱ्यांना संरक्षण दिले. आपल्याकडे मोटार वाहन कायद्यात 2019 मध्ये आलेले कलम 134 अ रस्ते अपघातातल्या मदतनीसापुरते आहे.

आकडे बोलतात, पण कोणत्या भाषेत?

आकडा सांगितला म्हणजे गैरसमज टळला असे वाटते. तसे होत नाही. भारतात आणि अमेरिकेत रक्तातली साखर मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये मोजतात, ब्रिटनमध्ये मिलिमोल प्रति लिटरमध्ये. दोन्हींत सुमारे 18 पटींचा फरक आहे. 'साखर 20' हा निरोप ब्रिटिश यंत्रावरचा असेल तर साखर 360 आहे, भारतीय यंत्रावरचा असेल तर रुग्ण बेशुद्धीच्या दारात आहे. दोघांवरचे उपचार एकमेकांच्या उलट. म्हणून एककाशिवाय आकडा पुढे पाठवायचा नाही.

ऑक्सिजनचेही तसेच. केबिनमधला हवेचा दाब समुद्रसपाटीचा नसतो, तो साधारण 6,000 ते 8,000 फूट उंचीवरच्या ठिकाणासारखा असतो. तिथे निरोगी माणसाच्या बोटाला लावलेले यंत्रही 90 ते 94 च्या आसपास आकडा दाखवू शकते. '92' एवढेच कळवले तर जमिनीवरचा माणूस चमकेल. '92, ऑक्सिजन न देता, विमान उंचीवर असताना' असे कळवले तर तो विचार करेल. रक्तदाबाबाबत आणखी एक अडचण आहे. इंजिनाच्या घरघरीत स्टेथोस्कोपमधून नीट ऐकू येत नाही, त्यामुळे मनगटाची नाडी चाचपून फक्त वरचा आकडा घेतात. तो तसा घेतला हे सांगायला हवे, नाहीतर खालचा आकडा मागण्यात दोन फेऱ्या जातात.

औषधांच्या नावांत तर गंमतच आहे. किटवर 'ॲड्रिनलिन' असेल आणि अमेरिकी डॉक्टर 'एपिनेफ्रिन' मागत असेल, तर ते एकच औषध आहे. तसेच सालब्युटामॉल आणि अल्ब्युटेरॉल, पॅरासिटामॉल आणि ॲसिटामिनोफेन. आपला रुग्ण याहून वेगळे, ब्रँडचे नाव सांगतो : इकोस्प्रिन, सॉर्बिट्रेट, ग्लायकोमेट. फिनिक्समध्ये बसलेल्या डॉक्टरला यातून बोध होईलच असे नाही. पाकिटावर बारीक अक्षरात मूळ औषधाचे नाव असते, ते वाचायचे आणि अक्षरे सांगायची. तुमच्या घरातले कोणी परदेशी निघाले असेल तर त्या बारीक अक्षरांतली नावे आणि मात्रा एका कागदावर इंग्रजीत लिहून पासपोर्टमध्ये ठेवा. गोळ्या डब्यात काढून पाकिटे फेकून देऊ नका.

रेडिओ आणि नेमका शब्द

जमिनीवरून व्हीएचएफ रेडिओ उंच उडणाऱ्या विमानाला साधारण 200 सागरी मैलांपर्यंत, म्हणजे 370 किलोमीटरपर्यंत पोहोचतो. त्यापलीकडे समुद्रावर एचएफ रेडिओ, उपग्रह फोन किंवा टंकित संदेश. एचएफवर खरखर असते, आणि पलीकडे बऱ्याचदा नियंत्रक नसतो, तर निरोप घेऊन पुढे देणारा रेडिओ ऑपरेटर असतो. म्हणजे आणखी एक कडी. पृथ्वीपासून सुमारे 36,000 किलोमीटरवरच्या उपग्रहातून जाणाऱ्या आवाजाला उत्तर यायला अर्धा सेकंद उशीर होतो. दोघेही एकदम बोलतात, दोघेही एकदम थांबतात. अशा वेळी छोटी वाक्ये बोलून थांबणे हाच उपाय.

पण खरखरीपेक्षा मऊ शब्द अधिक घातक. 25 जानेवारी 1990 रोजी न्यूयॉर्कजवळ एव्हियान्का 52 हे विमान इंधन संपून कोसळले आणि 73 जण मरण पावले. घटना वैद्यकीय नाही, पण धडा हाच आहे. वैमानिकांनी 'प्रायॉरिटी' मागितली होती आणि इंधन संपत आल्याचेही सांगितले होते. 'इमर्जन्सी' हा शब्द मात्र नियंत्रकांपर्यंत गेला नाही. नियंत्रकाच्या दृष्टीने या दोन शब्दांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. 'प्रवाशाला बरे वाटत नाही, लवकर उतरता आले तर बरे' हे वाक्य त्याच जातीचे. तातडी असेल तर 'पॅन-पॅन', जिवावरचा धोका असेल तर 'मेडे', हे शब्द त्यासाठीच आहेत. इथेही एक खाचखळगा आहे. 'पॅन-पॅन मेडिकल' ही संज्ञा आंतरराष्ट्रीय नियमांत जिनिव्हा करारांखालील संरक्षित वैद्यकीय वाहतुकीसाठी राखलेली आहे, विमानातल्या आजारी प्रवाशासाठी नाही. आजारी प्रवाशासाठी 'पॅन-पॅन' म्हणून पुढे साध्या शब्दांत कारण सांगायचे.

निरोपाचा साचा

रुग्णालयांत वापरला जाणारा 'एसबार' हा साचा विमानातही चालतो : आत्ता काय घडतेय, आधीचे काय, मला काय वाटते, मला काय हवे आहे. चौथा भाग सर्वात जास्त वेळा गळतो. सगळे वर्णन करून माणूस थांबतो आणि पलीकडच्याला कळत नाही की याला सल्ला हवाय, परवानगी हवीय की विमान वळवायला हवेय. आजींच्या बाबतीत निरोप असा झाला असता : "आसन 24 सी, स्त्री, वय 70, वीस मिनिटांपासून छातीत अस्वस्थता, श्वास अपुरा, दरदरून घाम. रक्तदाबाची गोळी रोज घेतात. शुद्धीवर आहेत, नाडी 110. हृदयाचा त्रास असावा अशी शंका आहे. ॲस्पिरिन देऊ का, आणि वळायचे का, यावर डॉक्टरांचा सल्ला हवा."

ऐकणाऱ्याने तो परत म्हणून दाखवायचा आणि सांगणाऱ्याने 'बरोबर' म्हणायचे. सल्ला उलटा येतानाही हेच. 'जिभेखाली एक गोळी' या निरोपातली 'जिभेखाली' वाटेत पडली तर गोळी पाण्याबरोबर पोटात जाते. कागदावर लिहून तो कागदच पुढे दिला तर फार चुका टळतात. विमान वळवायचे की नाही हे शेवटी कॅप्टनच ठरवतो. इंधन, हवामान, धावपट्टी, जवळच्या शहरात हृदयरोगाची सोय आहे का, हे सगळे त्याला पाहावे लागते. डॉक्टर प्रवाशाने 'वळवा' असा हुकूम सोडण्यापेक्षा 'दोन तास थांबले तर काय होऊ शकते' हे सांगितले तर कॅप्टनला अधिक मदत होते.

शेवटची कडी विमानाच्या दारात असते आणि ती घाईत निसटते. रुग्णवाहिकेचे लोक चढतात, प्रवासी उठून उभे राहतात, मदत केलेला डॉक्टर गर्दीत मागे अडकतो. दिलेल्या औषधाचे नाव, मात्रा आणि वेळ लिहिलेला कागद रुग्णाच्या हाती किंवा स्ट्रेचरवर गेलाच पाहिजे, आणि त्याबरोबर औषधांची पिशवी. ती बहुधा डोक्यावरच्या कप्प्यातच राहते.

स्वाध्याय : सहा जणांना एका रांगेत बसवा. पहिल्याला मराठीत आजींचे वाक्य द्या, दुसऱ्याने ते हिंदीत, तिसऱ्याने इंग्रजीत कुजबुजत पुढे सांगायचे, चौथ्या-पाचव्याने पंख्याच्या आवाजात, आणि सहाव्याने ऐकले ते फळ्यावर लिहायचे. मग तोच निरोप साचा वापरून आणि परत म्हणून दाखवत पुन्हा पाठवा. दोन्ही वेळा घाम कोणत्या कडीपर्यंत टिकला ते वहीत नोंदवा.